अप्पा नेमके कोणाचे

आमच्या मूळ पुरुषाचं नाव मी इथं लिहीत नाही. लिहून काही उपयोगही नाही. महादेवाचं कोणतंही नाव घ्या, त्याच्या शेपटाला 'अप्पा' लावा आणि लातूरच्या भर बाजारात उभं राहून हाक मारा. निम्मे दुकानदार गल्ल्यावरून मान वर करतील आणि उरलेले म्हणतील, 'वडील घरी आहेत, काय काम होतं?' आमच्या लिंगायत समाजात आज्याचं नाव नातवाला ठेवतात. त्यामुळे एकेका घराण्यात दोनच नावं आलटून पालटून येत राहतात आणि चार पिढ्या मागं गेलं की कोण कोणाचा बाप आणि कोण कोणाचा नातू, हे सांगता सांगता सांगणाऱ्यालाच घाम फुटतो. आमच्या घरी ही साखळी माझ्यापाशी येऊन तुटली, कारण मी एकुलती एक आणि तीही मुलगी.

दुसरी गंमत अशी की प्रत्येक घर सांगतं, आमचे पूर्वज कल्याणहून आले. कल्याण म्हणजे कर्नाटकातलं. तिथं शिवशरणांवर, म्हणजे शिवभक्त संतांवर, संकट आलं तेव्हा आमचे पूर्वज गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरून नेसत्या वस्त्रानिशी निघाले, पण लिंगपूजा केल्याशिवाय त्यांनी वाटेत पाण्याचा थेंब घेतला नाही, वगैरे वगैरे. माझे वडील, म्हणजे आण्णा, हे असं सांगायचे की जणू ते स्वतः मागून बोचकं घेऊन चालत होते. उदगीरचे किराणावाले हेच सांगतात, लातूरचे आडतवाले हेच सांगतात. मी एकदा म्हणाले, "आण्णा, एवढे सगळे खरोखर निघाले असते तर वेशीत चेंगराचेंगरी झाली असती." आण्णा गणिताचे मास्तर. त्यांनी माझ्याकडे चुकीच्या उत्तराकडे पाहावं तसं पाहिलं आणि पेपर तपासायला घेतले.

आण्णांची अडचण अशी होती की कल्याण ठाऊक, लातूर ठाऊक, पण मधलं गाव ठाऊक नव्हतं. माझे आजोबा तरुणपणी लातूरला एका आडत दुकानात कामाला आले आणि आण्णा लहान असतानाच गेले. आपलं गाव कोणतं, हे सांगायचं राहून गेलं. आण्णांची थोरली बहीण कंधारला दिलेली. तिला विचारलं तर आत्या म्हणायची, "मला काय ठावं? मी लेकीची जात, मला कोन सांगतंय?" एवढ्यावर विषय संपायचा. भाड्याच्या दोन खोल्या, एक स्कूटर, एक फळा आणि कल्याण, एवढीच आण्णांची इस्टेट होती. फळासुद्धा शाळेनं टाकून दिलेला.

मग भूकंप झाला. मी तेव्हा कॉलेजात होते. आमच्या गल्लीत भिंतींना भेगा पडण्यावर निभावलं, पण खाली औसा-निलंग्याच्या बाजूला गावंच्या गावं बसली. सकाळ झाली तशी गल्ली रिकामी होऊ लागली. जो तो आपल्या गावाकडं निघाला. कोणी एसटीनं, कोणी ट्रकमध्ये उभं राहून, कोणी चालत. आण्णा पायजम्यावर रस्त्यात उभे होते आणि जाणारा प्रत्येक माणूस त्यांना विचारत होता, "मास्तर, तुमचं गाव कुठलं? तिकडं काही कळलं का?" आमचं कोणी गेलं नव्हतं, कारण आमचं कोणी नव्हतंच. नशीबवान म्हणायचं तर तो शब्द तोंडातून निघेना. संध्याकाळी आण्णा आईला म्हणाले, "धावत जायला माणसाला एक गाव पाहिजे." मला त्या दिवशी टोमणा सुचला नाही.

पुढं बरेच दिवस पुन्हा धक्का बसेल या भीतीनं आम्ही सगळे शाळेच्या मैदानात ताडपत्री ठोकून राहिलो. तिथं दिवसभर दुसरं काम नसायचं, त्यामुळे आण्णांनी शोध सुरू केला. मैदानात आमच्या मूळ पुरुषाचं नाव असलेला माणूस दिसला की आण्णा त्याला गाठायचे. पहिला माणूस मुरुडचा निघाला. मोठ्या आनंदानं आण्णा त्याच्याबरोबर मुरुडला गेले, त्याच्या दुकानात चहा प्याले, आणि त्याचं घराणं सोलापूरहून आल्याचं कळल्यावर एक किलो गूळ घेऊन परत आले. दुसरा सापडला तो देवणीजवळच्या एका गावचा. पोराला बघायला लातूरला आला होता आणि भूकंपानं मैदानात अडकला होता. उंचापुरा, कपाळभर विभूती, बोलणं मोकळं. त्याला आम्ही पुढं कायम काका म्हणालो.

काकांच्या शेतात एक समाधी होती. आमच्यात मृताला बसवून पुरतात आणि ज्याची ऐपत असेल तो वर ओटा बांधून नंदी बसवतो. त्या समाधीतले त्यांचे मूळ पुरुष. नाव तेच. आलेले कल्याणहूनच. वर काका म्हणाले, "अप्पाला दोन लेकरं. थोरला शेतात राहिला. धाकटा बैलाच्या वाटणीवरून रुसून लातुराकडं गेला, तो काही पुन्हा आला नाही."

"तो आम्हीच!" आण्णा ताडकन उठून म्हणाले. ताडपत्रीचा बांबू डोक्याला लागला, त्याचंही भान नव्हतं.

खरं तर मराठवाड्यात ज्या घरातला एक भाऊ रुसून गेला नाही असं घर दाखवा आणि बक्षीस घेऊन जा. पण बोलायची सोय नव्हती. आण्णांचा चेहरा असा झाला होता की पुढं मी पदवीचा पहिला वर्ग आणून दिला तेव्हाही तसा झाला नाही.

त्या वर्षीची येळवस आम्ही 'आमच्या' शेतात केली. लातूरकडे मार्गशीर्षातल्या अमावस्येला सगळं शहर शेतात जातं. बाजार बंद, रस्ते ओस. शेतात कडब्याची कोपी, म्हणजे खोपटी, करून आत पाच दगडांचे पांडव मांडतात, मिसळ भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर आणि माठभर आंबील असतं, आणि ज्याला शेत नाही त्याला शेतवाले ओढून नेतात. आण्णा जन्मभर असे ओढून नेलेले पाहुणे होते. आता ते घरचे झाले. बांधावर चपला काढून अनवाणी समाधीपर्यंत गेले. आंबिलाचा माठ स्वतः खांद्यावर घेतला आणि निम्मं आंबील सदऱ्यावर सांडलं. काकांनी समाधी धुतली, आण्णांनी तिला विभूती लावली. भावकीतल्या वयानं थोरल्याचा तो मान. मग पाण्यानं डबडबलेल्या डोळ्यांनी ते मला म्हणाले, "बघ, तुझे अप्पा." मीही डोकं टेकवलं. भूक फार लागली होती.

तेव्हापासून आण्णांच्या बोलण्यात 'गावाकडं' हा शब्द आला. स्टाफरूममध्ये, भाजीवालीपाशी, जिथं तिथं. "पावसाचं काय आमच्या गावाकडं" अशी वाक्यं ते उगीचच बोलायचे. देवणी जातीच्या बैलांबद्दल तर ते असं बोलू लागले की खडूऐवजी कासराच धरत आलेत.

इथपर्यंत माझं काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते क्लासेसमुळे. भूकंपानं लातुरातली जी घरं पडली नाहीत ती पुढच्या काही वर्षांत क्लासवाल्यांनी पाडली. जिथं बघावं तिथं पत्र्याचं शेड, आत बाकं आणि बाहेर सायकलींचा ढीग. नांदेड, कंधार, देगलूर, कुठून कुठून पोरं यायची, आणि गल्लीतल्या प्रत्येक घरात वरची खोली चढली. तोवर आम्हीही एक लहानसं घर बांधलं होतं. मी एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवत होते. आणि काकांचा धाकटा मुलगा त्याच क्लासमध्ये पदार्थविज्ञान शिकवायला आला.

त्याची राहायची सोय कुठं? अर्थात आमच्या वरच्या खोलीत. परका तरुण असता तर आण्णांनी त्याला उंबऱ्याच्या आतही घेतलं नसतं. पण हा भावकीतला, म्हणजे माझा भाऊ! त्यामुळे तो आमच्याकडे जेवायचा, माझ्या स्कूटरवर मागं बसून क्लासला यायचा, आणि संध्याकाळी आम्ही दोघं अंगणात बसून उत्तरपत्रिका तपासायचो. आण्णा कौतुकानं बघायचे. शेजाऱ्यांना सांगायचे, "बहीण-भावाचं प्रेम बघा."

प्रेम होतंच. ते कोणत्या जातीचं आहे हे आण्णांच्या लक्षात यायला वेळ लागला, एवढंच. राखीपौर्णिमेला दरवर्षी माझं डोकं दुखायचं. पहिल्या वर्षी आईनं बाम दिला. दुसऱ्या वर्षी तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि बाम परत कपाटात ठेवला.

भावकीत सोयरीक होत नाही. पिढ्या कितीही मागं गेलेल्या असोत, एका अप्पाची लेकरं ती भावंडंच. काकांचं घर या बाबतीत फारच कडक. पूर्वज एक ठरला की विषय संपला. आणि पूर्वज एक ठरवला होता माझ्याच बापानं, शाळेच्या मैदानात, एका बांबूला डोकं आपटून! मी दुसऱ्या कोणाशी लग्न करायला तयार नव्हते. म्हणजे एकच मार्ग उरला. आण्णांचा अप्पा खोडून काढायचा.

मी त्यांच्याच शस्त्रानं सुरुवात केली. "आण्णा, सिद्धता काय? नाव तर गल्लोगल्ली आहे. कल्याणहून सगळेच आले. भाऊ सगळ्यांचेच रुसले. तुमच्या विद्यार्थ्यानं एवढ्यावर उत्तर काढलं असतं तर तुम्ही किती मार्क दिले असते?"

आण्णा चिडले. "तुला काय करायचंय? इतकी वर्षं विभूती लावतोय मी. पायाखाली जमीन आलीय जरा, तर तू उकरायला निघालीस?"

"खोटी जमीन असली तर?"

"मग तुझी खरी कुठली ते सांग!" ते ओरडले. मी पाय आपटत आत गेले आणि त्या दिवशी आम्ही दोघंही जेवलो नाही. आईनं ताटं झाकून ठेवली. मग ती बाहेर ओसरीवर जाऊन बसली आणि बराच वेळ हळू आवाजात आण्णांशी बोलत होती.

पुढचे काही दिवस आण्णा भांडायलाही तयार नव्हते, त्यामुळे मलाच चुकल्यासारखं व्हायचं. मग ते बोर्डाच्या कामाला म्हणून नांदेडला गेले आणि दोन दिवसांनी परत आले. जेवताना ताटात जवसाची चटणी होती. छान झाली होती, मी पुन्हा मागून घेतली. आण्णा भाकरी मोडता मोडता म्हणाले, "तुला एवढीच सिद्धता पाहिजे असेल तर कंधारला जा. अक्काला विचार. ती म्हणेल ते मला मान्य."

मला हसू आलं. आत्याला काही ठाऊक नाही, हे त्यांनीच मला शंभरदा सांगितलेलं. तरी गेले. बुडत्याला काडीचा आधार.

कंधारच्या स्टँडवर उतरून, किल्ल्याच्या बाजूची गल्ली धरून मी आत्याच्या घरी पोचले. ती उन्हात शेंगा फोडत बसली होती. मी सूपभर शेंगा पुढं ओढल्या आणि आडवळणानं विषय काढला. देवणीचं नाव काढताच आत्यानं हातातली शेंग खाली ठेवली.

"देवणी? आगं, आपल्यात देवणी जनावर बांधीतच न्हाईत!"

"का?"

"का म्हंजे? आपला अप्पा देवणी वळूनंच मारला न्हवं का. हेडी व्हता त्यो." हेडी म्हणजे जनावरांच्या बाजारातला दलाल. "गिऱ्हाइकाला दात दाखवाया गेला बैलाचे. बैलानं शिंगावर घेतला. तवाधरनं आपल्यात देवणी वर्ज्य हाय."

"मग पुरलं कुठं त्यांना?"

"बाजाराच्या माळाला पुरला आसंल. मला काय ठावं?"

मी आनंदानं आत्याच्या गळ्यातच पडले. कल्याणचे तेजस्वी शिवशरण गेले आणि त्यांच्या जागी बैलाचे दात दाखवणारा दलाल आला, पण मला तो महादेवापेक्षा प्यारा वाटला. काकांच्या सांगण्याप्रमाणे देवणीचे अप्पा तर जपमाळ हातात घेऊन शांतपणे लिंगैक्य झालेले, म्हणजे वारलेले, आणि काकांच्या दावणीला आज्या-पणज्यापासून देवणी बैल. दोन अप्पा एक असणं शक्यच नव्हतं. हीच तर सिद्धता! कुळातलं वर्ज्य काय ते बायकांनाच ठाऊक असतं, असं मी परतीच्या एसटीत स्वतःलाच पटवत आले.

आण्णांनी सगळं ऐकून घेतलं. वाद घातला नाही, उलटतपासणी केली नाही. चष्मा काढून पुसला. "दात दाखवत होता होय?" एवढंच म्हणाले. मग म्हणाले, "मग ते आपले नव्हेत." दुसऱ्या दिवशी स्वतः देवणीला जाऊन त्यांनी काकांना तसं सांगितलं आणि माझ्यासाठी त्यांच्या धाकट्याला मागणी घातली. काका आधी चकित झाले, मग त्यांनी मांडीवर थाप मारली म्हणे. "भाऊ गेला तर गेला मास्तर, व्याही झालात!"

लग्न झालं. मी जिंकले होते, आणि जिंकल्याचं मला चांगलंच चढलं होतं. आमचे हे म्हणायचे, पदार्थविज्ञानात एवढा स्वच्छ प्रयोग होत नाही.

पण लग्नानंतरच्या पहिल्या येळवशीला एक गोष्ट खटकली. आण्णा आले होते, व्याही म्हणून. त्यांच्यासाठी कोपीसमोर नवं घोंगडं अंथरलं होतं. ते माठ उचलायला गेले तर चार जण धावले. "आवं, तुमी बसा! पाव्हनं हाव तुमी!" समाधी धुतली गेली. विभूती लावायला काकांच्या चुलतभावाला बोलावलं. आण्णा घोंगड्यावर मांडी घालून बसले होते, हात गुडघ्यांवर. पुन्हा ते ओढून नेलेले पाहुणे झाले होते. मला वाईट वाटलं. मग कोणीतरी माझ्या हातात वाढायला भज्जीचं पातेलं दिलं आणि मी विसरले.

बऱ्याच वर्षांनी आत्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी लातूरला आमच्याकडे येऊन राहिली. मला तोवर मुलगी झाली होती, चांगली चुरूचुरू बोलणारी. दुपारी आत्या तिला गोष्ट सांगत होती. "माझ्या बापाच्या आज्याची बैलजोडी व्हती म्हनं. देवणी! काळे-पांढरे ठिपके, शिंगं ही अशी. माझा बाप लई कवतिकानं सांगायचा."

मी तुरीच्या शेंगा सोलत होते. "आत्या, आपल्यात तर देवणी बांधत नाहीत ना?"

डोळ्याला हिरवी पट्टी बांधलेली आत्या पदर तोंडाला लावून खुदुखुदु हसायला लागली. "आगं बया! इसरलेच की मी."

"काय विसरलीस?"

"आता काय लपवायचं? लेकरू झालं तुला. तुजा बापच आला व्हता की तुज्या आदी. त्यानंच पढवलं मला. वळू बी त्याचाच आन् दात बी त्याचेच. म्या म्हनलं, आरं, जलमभर अप्पा अप्पा करून राहिलास आन् आता त्याला बैलाच्या शिंगावर देतूस व्हय? तर म्हनला, आक्का, अप्पा मरून लई वर्सं झाली. पोरगी जिती हाय माजी." तिनं चाचपडत माझा हात धरला. "लई रडला गं. जाताना जवसाची चटनी बांधून दिली म्या. खाल्ली न्हाईस का तू?"

खाल्ली होती. पुन्हा मागून खाल्ली होती. मी शेंगा तिथंच टाकल्या, मोरीत गेले आणि नळ सोडून रडले.

आण्णांना मी काही विचारलं नाही. आमच्या ह्यांनाही बरेच दिवस सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा ते आधी घाबरले, मग म्हणाले, "म्हणजे आपण खरंच...?" मी म्हणाले, "ते समाधीवरच्या नंदीला विचारा." कारण आण्णांचा देवणीचा शोध खरा होता याचीही कोणाकडे सिद्धता नाही. समाधीतला माणूस आमचा होता की नव्हता, हे त्याचं त्यालाच ठाऊक. आण्णांनी मात्र तो आपला मानला होता आणि आपला मानूनच सोडला होता.

त्या वर्षीच्या येळवशीला आण्णांचे गुडघे दुखत होते, तरी ते आले. समाधीपाशी गर्दी होती. भावकीतले सगळे पुढं, आणि आण्णा मागं, बांधाजवळ, हात जोडून. चपला त्यांनी काढल्या होत्या. पाहुण्याला तिथं चपला काढायची गरज नसते. माझी मुलगी त्यांच्या बोटाला धरून उभी होती. तिला सगळं जाणून घ्यायची घाई.

"आजोबा, हे अप्पा तुमचे कोण लागतात?"

मी जवळच होते. आण्णांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"माझे कोणी नाही गं," ते म्हणाले. "तुझे आहेत. जा, नीट पाया पड."